वाढीचे संप्रेरक आणि त्याचा तोतया

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, वाहतूक आणि जुन्या पेढ्यांचा इतिहास यांवरील लेख वाचण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांस या लेखाचे शीर्षक पाहून थोडे नवल वाटेल. शरीरातील ग्रंथी आणि त्यांचे रस यांचा आपल्या पेठेशी संबंध तो काय, असेही कोणी विचारील. परंतु ज्या औषधाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, ते ज्या रोगावर दिले जाते त्या रोगाची पहिली खूण पुष्कळदा वैद्याच्या घरी नव्हे, तर सराफाच्या पेढीवर आणि जोड्यांच्या दुकानात उमटते. म्हणून ही हकीकत आपल्या मंडळींपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटले.

चाळिशी उलटलेले एखादे नेहमीचे गिऱ्हाईक लग्नातली अंगठी घेऊन सराफाकडे येते. अंगठी बोटात रुतू लागली आहे, थोडी वाढवून हवी असते. सराफ ती वाढवून देतो. दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक तीच अंगठी घेऊन पुन्हा येते. इकडे जोड्यांच्या दुकानात तोच गृहस्थ आठ नंबराचा जोडा सोडून नऊ नंबराचा मागतो, आणि पुढल्या खेपेस दहाचा. सुखवस्तू माणसाचे पोट सुटते, बोटेही थोडी भरतात, हे आपण जाणतो. पण प्रौढ माणसाच्या पावलाचे माप असे पायरीपायरीने चढत जाणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण नव्हे. तेथे काही बिघाड असण्याचा संभव असतो.

रोग कोणता?

या विकारास इंग्रजीत ॲक्रोमेगाली म्हणतात. शरीराची टोके, म्हणजे हात, पाय, नाक, जबडा ही मोठी होणे, असा त्या ग्रीक शब्दाचा भावार्थ. पॅरिसचे वैद्य प्येर मारी यांनी १८८६ मध्ये हे नाव रूढ केले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला आपण पीयूषिका म्हणतो. तिच्यात बहुधा कर्करोग नव्हे अशी, सौम्य प्रकारची गाठ उद्भवते आणि वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, प्रमाणाबाहेर रक्तात सोडू लागते. लहान वयात हाडांची टोके जुळण्यापूर्वी असे झाले, तर मूल राक्षसी उंचीचे होते. मोठेपणी झाले, तर उंची वाढू शकत नाही. तेव्हा हाडे रुंदावतात, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, जीभ व ओठ जाड होतात, आवाज घोगरा होतो.

हे केवळ रूपाचे वैगुण्य असते, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या रोगाने रक्तदाब वाढतो, मधुमेह जडतो, झोपेत श्वास अडतो, सांधे झिजतात आणि हृदयाचा स्नायू जाड होऊन ते थकत जाते. उपचार न झालेल्या रोग्याचे आयुष्य त्यामुळे कमी होते. रोग विरळा आहे. दर दहा लाख लोकांत शंभराच्या आतबाहेर. पण बदल इतक्या मंद गतीने होतात, की घरची माणसे रोज पाहत असूनही त्यांच्या ध्यानी येत नाही. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पाच ते दहा वर्षे निघून जाणे ही नित्याची गोष्ट आहे.

जनुकाच्या चोपडीतील बदल

आता औषधाकडे वळू. वाढीचे संप्रेरक हे एक प्रथिन आहे. १९१ ॲमिनो अम्ले माळेतील मण्यांप्रमाणे ओवून ते बनते, आणि ती माळ स्वतःभोवती वळून तिला ठरावीक आकार येतो. कोणता मणी कोठे ओवावयाचा याची नोंद पेशीच्या चोपडीत, म्हणजे जनुकात असते. चोपडीतील नोंद बदलली की माळ बदलते. अशी नोंद हेतुपुरस्सर बदलून ती दुसऱ्या जिवाच्या पेशीत ठेवण्याच्या विद्येस जनुक अभियांत्रिकी म्हणतात.

या विद्येचे पहिले मोठे फळ म्हणजे इन्शुलिन. मधुमेहावरचे हे औषध १९२२ पासून डुकरे व गाईगुरे यांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. मानवी इन्शुलिनचे जनुक ई. कोलाय नावाच्या सूक्ष्मजंतूत ठेवून तयार केलेल्या इन्शुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याबरोबर कत्तलखान्यावर अवलंबून न राहण्याचा मार्ग खुला झाला. वाढीच्या संप्रेरकाची कथा याहून दारुण आहे. ज्या मुलांच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही, त्यांना ते मृत माणसांच्या पीयूषिकेतून काढून टोचीत. १९८५ मध्ये असे ध्यानात आले, की त्यातून काहींना मेंदूचा एक असाध्य रोग जडला आहे. अमेरिकेत तो पुरवठा तत्काळ थांबविण्यात आला, आणि त्याच वर्षी सूक्ष्मजंतूंकरवी बनविलेल्या संप्रेरकास तेथे मान्यता मिळाली.

ही सारी उदाहरणे निसर्गातील मालाची हुबेहूब नक्कल करून उणीव भरून काढण्याची झाली. ॲक्रोमेगालीत मात्र उणीव नाही, अतिरेक आहे. तेथे हुबेहूब नक्कल कुचकामी. तेथे नक्कल अशी हवी की जी अस्सलासारखी दिसेल, अस्सलाची जागा पटकावील, पण अस्सलाचे काम करणार नाही. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाची गोष्ट आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. त्या तोतयाने राज्यात उत्पात माजविला. या तोतयाने उत्पात थांबवावा, एवढाच फरक.

अपेक्षा एक, फळ दुसरे

गमतीची गोष्ट अशी, की असा तोतया घडवावा म्हणून प्रारंभी कोणी बसले नव्हते. १९८२ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदराचे वाढसंप्रेरकाचे जनुक घातले, आणि काही पिल्ले भावंडांहून पुष्कळच मोठी झाली. त्या राक्षसी उंदरांची छायाचित्रे जगभर गाजली. पुढे १९८७ मध्ये ओहायो विद्यापीठात जॉन कॉपचिक हे संशोधक आले. या संप्रेरकाच्या माळेतील नेमका कोणता भाग वाढ घडवून आणतो, हे त्यांना शोधावयाचे होते.

त्यांचे विद्यार्थी वेन चेन यांनी गाईच्या वाढसंप्रेरकाचे जनुक घेतले. या प्रथिनात चार मळसूत्री पिळ असतात. त्यांपैकी तिसऱ्या पिळातील तीन मणी त्यांनी बदलले. पिळाची ठेवण अधिक नेटकी झाली तर संप्रेरक अधिक प्रभावी होईल, अशी अटकळ होती. बदललेले जनुक उंदरांच्या गर्भात घातले. पिल्ले जन्मली, वाढू लागली. आणि ती राक्षसी होण्याऐवजी आपल्या भावंडांहूनही लहान राहिली.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. बदललेले संप्रेरक केवळ निकामी झाले असते, तर पिल्ले नेहमीच्या आकाराची झाली असती. कारण त्यांचे स्वतःचे अस्सल संप्रेरक शरीरात होतेच. ती नेहमीच्याहून लहान झाली, याचा अर्थ एकच होऊ शकत होता: नवे संप्रेरक स्वतः तर काम करीत नव्हतेच, पण अस्सलासही करू देत नव्हते. घाईचा माणूस हा प्रयोग फसला म्हणून टाकून देता. या मंडळींनी तसे केले नाही. १९९० मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि तीन बदलांपैकी खरा कारणीभूत कोणता याचा माग काढला. गाईच्या संप्रेरकातील ११९ वा मणी, जो मानवी संप्रेरकात १२० वा येतो, तो ग्लायसिन नावाचा असतो. सर्व ॲमिनो अम्लांत हे सर्वांत लहान. त्याच्या जागी मोठा मणी बसविला, की एवढ्या एका बदलाने संप्रेरक तोतया बनते.

एका हाताचा दलाल

असे का व्हावे? पेशीच्या पृष्ठभागावर संप्रेरकाची वाट पाहणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. कुलूप आणि किल्ली हा दृष्टान्त येथे नेहमी दिला जातो, पण या प्रकरणी तो अपुरा पडतो. आपल्या पेठेतील दृष्टान्त अधिक जुळतो.

जुन्या काळी धान्याच्या व जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल होती, हे आमच्यातील वयोवृद्धांना आठवत असेल. दलाल मध्ये बसलेला असे. त्याचा एक हात विकणाऱ्याच्या हातात, दुसरा घेणाऱ्याच्या हातात. दोन्ही हातांची खूण पटली म्हणजे सौदा पक्का. एकाच हाताची खूण पटून भागत नसे. वाढीचे संप्रेरक हे असे दोन हातांचे दलाल आहे. १९९२ मध्ये अब्राहम डी व्होस, मार्क अल्ट्श आणि ॲन्थनी कोसियाकॉफ या जेनेनटेकच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे चित्र मिळविले, तेव्हा स्पष्ट दिसले की संप्रेरकाचा एक रेणू एकाच वेळी दोन ग्राहींना धरून बसतो. एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने किंचित सैल. अशी दोन्हीकडून पकड बसली, तरच पेशीच्या आत 'वाढा' असा हुकूम जातो.

तो १२० वा लहान मणी नेमका दुसऱ्या हाताच्या तळव्यात आहे. तेथे मोठा मणी बसविला की तो हात दुसऱ्या ग्राहीस नीट मिळत नाही. पहिला हात मात्र शाबूत असतो. मग हा एका हाताचा दलाल बैठकीवर येऊन बसतो, विकणाऱ्याचा हात धरून ठेवतो, आणि सौदा काही करीत नाही. खरा दलाल दारात उभा राहतो, पण त्याला धरावयास हात मोकळा मिळत नाही. दुकान उघडे आहे, माल आहे, गर्दी आहे. व्यवहार मात्र बंद.

पुढील संशोधनाने या चित्रात एक दुरुस्ती केली. आधी असे वाटे, की संप्रेरकच दोन दूरच्या ग्राहींना जवळ आणते. २००५ पासून असे पुरावे पुढे आले, की हे दोन ग्राही पुष्कळदा आधीपासूनच जोडीने उभे असतात. संप्रेरकाच्या पकडीने त्यांना योग्य तो पीळ बसतो आणि मग हुकूम सुटतो. तोतयाच्या पकडीने तसा पीळ बसत नाही. म्हणजे दोन व्यापारी आधीच शेजारी बसलेले असले, तरी दलालाने दोघांचे हात जुळविल्याखेरीज सौदा होत नाही.

तोतयाचे औषध कसे झाले

उंदीर लहान राहिला म्हणून माणसाचे औषध तयार झाले असे नव्हे. मधला रस्ता लांब होता. पहिली अडचण अशी, की वाढीचे संप्रेरक रक्तात फार थोडा वेळ टिकते. सुमारे वीस मिनिटांत त्याचे प्रमाण अर्ध्यावर येते. तोतयाही तितक्याच वेगाने बाहेर पडला, तर रोग्याने दिवसातून किती वेळा सुई टोचून घ्यावी? त्यावर उपाय म्हणून या प्रथिनास पॉलिएथिलिन ग्लायकॉल नावाच्या निरुपद्रवी द्रव्याच्या लांब शेपट्या जोडल्या. त्यामुळे रेणू मोठा झाला, मूत्रपिंडातून गळेनासा झाला आणि त्याचा मुक्काम मिनिटांवरून काही दिवसांवर गेला.

पण एका सोयीबरोबर गैरसोय आलीच. शेपट्यांमुळे चांगल्या हाताचीही पकड ढिली झाली. म्हणून पहिल्या हाताकडील आठ मणी बदलून ती पकड सावरण्यात आली, आणि शेपट्या नेमक्या त्या तळव्यास चिकटणार नाहीत अशीही व्यवस्था झाली. येणेप्रमाणे १२० व्या मण्यासह एकूण नऊ ठिकाणी बदललेले हे मानवी संप्रेरक सिद्ध झाले. ते सूक्ष्मजंतूंकडून तयार करवून घेतात. त्याचे नाव पेगव्हिसोमंट. तरीही अस्सलास हटविण्यासाठी हे तोतये रक्तात फार मोठ्या संख्येने असावे लागतात. म्हणून रोज १० ते ३० मिलिग्रॅम औषध त्वचेखाली टोचून घ्यावे लागते.

गुण येतो की नाही हे पाहण्यासाठी रोग्यांवर रीतसर चाचण्या झाल्या. वाढीचे संप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ नावाचे दुसरे द्रव्य तयार करवून घेते, आणि पुष्कळशी वाढ त्याच्यामार्फत होते. त्यामुळे रक्तातील आयजीएफ-१ हे या रोगाचे खरे माप. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत ११२ रोगी होते. रोज २० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के रोग्यांचे आयजीएफ-१ नेहमीच्या पातळीवर आले. १५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण ८१ टक्के आणि १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ५४ टक्के होते. अंगठीच्या मापानेही येथे साक्ष दिली. सूज ओसरून बोटांचा घेर कमी झाल्याचे आढळले. २००२ मध्ये युरोपात आणि २००३ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. ओहायो विद्यापीठाने या शोधाचे पेटंट घेतले होते. त्यापासून त्या संस्थेस कोट्यवधी डॉलरांचे उत्पन्न झाले. एका फसल्यासारख्या दिसणाऱ्या प्रयोगाची नोंद जपून ठेवल्याचे हे व्याज होय.

दुसरी बाजू

जमा लिहिली, आता नावेही लिहिली पाहिजे. हे औषध गाठीवर काम करीत नाही. गाठ जेथल्या तेथे राहते आणि संप्रेरक सोडीतच असते. किंबहुना हुकूम पोहोचला नाही असे पाहून शरीर थोडे अधिकच सोडते. म्हणून गाठ वाढत नाही ना, हे एमआरआय तपासणीने पाहत राहावे लागते. काहींच्या यकृतास त्रास होतो, तेव्हा रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. शिवाय औषध रोज घ्यावयाचे, आणि तेही पुष्कळदा वर्षानुवर्षे. त्याची किंमत तर अशी, की चांगल्या चालत्या पेढीच्या धन्यासही दोनदा विचार करावा लागेल.

त्यामुळे बहुतेक रोग्यांवर पहिला उपाय अजूनही नाकावाटे गाठ काढण्याचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा असतो. ती पूर्ण निघाली नाही, तर ऑक्ट्रिओटाइडसारखी औषधे देतात. पीयूषिकेला आवर घालणारे एक नैसर्गिक संप्रेरक आहे, त्याची ही टिकाऊ नक्कल. ती गाठीलाच हात आखडता घ्यावयास लावते. तिने भागले नाही म्हणजे तोतयाची पाळी येते. तो स्वस्त नाही, पहिलाही नाही. पण ज्या रोग्यास इतर उपाय लागू पडले नाहीत, त्याच्यासाठी मोठा आधार आहे.

आमचे काही वाचक प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्न उपस्थित करतील, आणि तो योग्यच आहे. हे ज्ञान उंदरांवरील प्रयोगांतून आले, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या विद्येने हे प्रयोग केले, तिनेच इन्शुलिनसाठी जनावरांची व संप्रेरकासाठी मृतदेहांची गरजही दूर केली. हा जमाखर्च ज्याने त्याने आपल्या विवेकास स्मरून मांडावा.

निसर्गाचा स्वतःचा प्रयोग

वाढीचा हुकूम अडविला तर माणसाचे एरवी काय होते? याचे उत्तर निसर्गानेच एके ठिकाणी दिले आहे. १९६६ मध्ये इस्रायलचे वैद्य झ्वी लारोन यांनी अशा ठेंगण्या माणसांचे वर्णन केले, ज्यांच्या रक्तात संप्रेरक भरपूर असते, पण वाढ होत नाही. पुढे समजले, की त्यांच्यात ग्राहीच सदोष असतो. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात अशी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या दीर्घ निरीक्षणावरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांच्यात मधुमेह आढळला नाही, आणि कर्करोग अत्यंत विरळा दिसला. यावरून वाढ रोखणारे औषध म्हणजे दीर्घायुष्याचे अमृत, असा उतावीळ निष्कर्ष कोणी काढू नये. ती माणसे इतरांहून दीर्घायुषी ठरली असे नाही. निरोगी शरीरात संप्रेरकास जागा आहे आणि कामही आहे. तोतया बसवावयाचा तो जेथे अस्सलाने मर्यादा सोडली आहे तेथेच.

याच तत्त्वावर इतर संप्रेरकांचे तोतये घडविण्याचे प्रयत्न झाले. स्तनात दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे वाढसंप्रेरकाचे नातलग. त्याचाही असा बदललेला अवतार प्रयोगशाळेत तयार झाला. परंतु पेगव्हिसोमंटप्रमाणे तो औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचलेला नाही. कल्पना एक असली, तरी दर वेळी मार्ग नव्याने खणावा लागतो.

आपल्यापुरते तात्पर्य

एवढ्या दूरच्या प्रयोगशाळेतील हकीकतीचे आपल्यापुरते तात्पर्य कोणते? औषध किती का कुशल असेना, रोग ओळखला गेला तरच त्याचा उपयोग. लवकर ओळखला तर गाठ लहान असते, शस्त्रक्रियेने ती पूर्ण निघण्याचा संभव अधिक असतो, आणि रोजच्या महागड्या सुईची वेळच येत नाही. उशीर झाला तर संप्रेरक आवरता येते, सूज ओसरते. परंतु वाढलेले हाड मागे जात नाही आणि झिजलेला सांधा भरून येत नाही. मधल्या पाच-दहा वर्षांची किंमत रोगी जन्मभर मोजतो.

ही वर्षे वाचविण्यास मोठी विद्या लागत नाही. आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाचे माप आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवीत आलो आहोत. अंगठी दुसऱ्यांदा वाढवावयास आली, प्रौढ माणसाच्या जोड्याचा नंबर चढू लागला, टोपी बसेनाशी झाली, आणि त्याबरोबर जुन्या छायाचित्रातला चेहरा व आजचा चेहरा यांत फरक दिसला, तर त्या गृहस्थास भीती न घालता, थट्टा तर मुळीच न करता, आपुलकीने दोन शब्द सांगावे: "एकदा डॉक्टरांना हात-पाय दाखवा, आणि आयजीएफ-१ ची रक्ततपासणी करावी का, एवढे विचारा." पुष्कळदा काही निघणार नाही, आणि तो हसत परत येईल. पण एखाद्याच्या बाबतीत त्या दोन शब्दांनी दहा वर्षे वाचतील. आपल्या संघाने भरविलेल्या आरोग्य शिबिरांतही डॉक्टरांनी हा प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे.

सराफाच्या काट्यास गुंजेचा फरक कळतो. तसाच आपल्या माणसाच्या बोटातील फरक आपणांस कळावा, एवढीच या लेखामागील आमची इच्छा आहे.